तोल सावरण्याचे मोल

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांच्या संस्थानांची गावे. त्यांपैकी देवासचे नाव कोकण-गोमंतकातील रसिकांच्या ओठी आहे, ते मात्र राजामुळे नव्हे, एका गवयामुळे. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली कोरड्या हवेच्या आशेने देवासला जाऊन राहिले. गाण्याला वैद्यकीय मनाई होती. पडल्या पडल्या माळव्याची लोकगीते कानांवर घेणे एवढेच हाती उरले होते. १९५२ च्या सुमारास त्यांना स्ट्रेप्टोमायसीन मिळाले आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीला बसले. एक फुप्फुस निकामी झालेल्या या गवयाने पुढे जवळजवळ चार दशके जे गायिले, ते आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या औषधाचे ऋण मोठे आहे, यात शंका नाही.

१९५२ हे वर्ष या औषधाच्या इतिहासात विलक्षणच म्हणावे लागेल. त्याच वर्षी सेल्मन वॅक्समन यांना स्ट्रेप्टोमायसीनसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्याच वर्षी एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात, केवळ आद्याक्षरांखाली, एका डॉक्टराने आपली व्यथा मांडली. क्षयासाठी घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसीनने त्याच्या अंतःकर्णातील तोलाचे इंद्रिय नष्ट केले होते. पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट रोवल्याशिवाय त्याला वाचता येईना; कारण नाडीच्या ठोक्याने डोके हलले की तेवढ्यानेही पानावरची अक्षरे नाचू लागत. चालता चालता समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येईना. थांबावे तेव्हा ओळख पटे.

कान म्हणजे केवळ ऐकण्याचे साधन, असा आपला सर्वसाधारण समज. वास्तविक अंतःकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोके वळले की त्यांतील द्रव हलतो, केशपेशी वाकतात आणि मेंदूला वार्ता जाते. त्या वार्तेवरच डोळे क्षणार्धात उलट दिशेने फिरून दृष्टी स्थिर ठेवतात. स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन यांसारखी औषधे याच केशपेशींना मारतात, आणि मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उपयोगाजोगी उगवत नाही.

मज्जातंतू मात्र पुष्कळदा शाबूत राहतो. त्याला विजेने जागे करता येईल काय? हा प्रश्न नवा नव्हे. व्होल्टाने आपल्या नव्या विद्युत्घटाच्या तारा स्वतःच्याच दोन्ही कानांत घातल्या आणि डोक्यात बसलेला हादरा १८०० साली नमूद करून ठेवला. (पुन्हा तो प्रयोग करण्याची हौस त्याला उरली नाही, हे समजण्यासारखे आहे.) पुढे दोन दशकांनी पुर्किन्येने डोक्यातून वीजप्रवाह गेला की माणसाचा तोल ढळतो हे दाखविले. जो प्रवाह तोल ढळवतो तोच नेमका वापरला तर सावरीलही, या विचारावर आजचे संशोधन उभे आहे. कानामागे त्वचेवर पट्ट्या लावून, जाणवणारही नाही इतका क्षीण प्रवाह सोडण्याचे प्रयोग चालू आहेत. त्याहून धाडसाचा मार्ग म्हणजे अंतःकर्णात विद्युताग्रे बसविणे. डोक्याची हालचाल यंत्राने टिपायची आणि तिचे संदेश विजेच्या रूपाने थेट मज्जातंतूला द्यायचे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पथकाने अशा आठ रुग्णांचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेकांचा तोल औषधांनीच गेला होता. त्यांची चाल आणि उभे राहणे सुधारले. परंतु ज्या कानात यंत्र बसविले त्याचे ऐकणे घटले, काहींचे तर फारच.

म्हणजे तोल घ्यायचा तर कान द्यायचा. हा सौदा कोणी गवई करील काय?

या संशोधनाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. ज्याला भर रस्त्यात जग हिंदकळताना दिसते त्याला ते हवेच आहे. परंतु आठ माणसांच्या यशाने हुरळून जाऊन, आपल्या दवाखान्यांत रोज टोचल्या जाणाऱ्या सुईकडे डोळेझाक करणे परवडणारे नाही. जेंटामायसीन स्वस्त आहे, प्रभावी आहे. नवजात अर्भकांचे प्राण ते वाचविते. ते बंद करा असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. मात्र मूत्रपिंड दुबळे असेल तर ते शरीरात साचते आणि धोका वाढतो, हे ठाऊक असताना रक्ततपासणीविना दिवसांमागून दिवस इंजेक्शने देणे हा निव्वळ निष्काळजीपणा होय. शिवाय हा आघात वेदनारहित असतो. अंथरुणावर असेपर्यंत रुग्णाला काही कळत नाही. उठून अंधारात चार पावले टाकली की भिंत धरावी लागते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, जाईल. आपल्याकडे शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाबाबतही हेच म्हटले जाते.

आता धारकडे पाहा. या जिल्ह्यातील आणि शेजारच्या झाबुआ, अलिराजपूरमधील आदिवासी गुजरातेतील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि फुप्फुसांत सिलिका भरून परतले. मृतांच्या वारसांना भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये द्यावा लागला. सिलिकोसिसला क्षय समजून कित्येकांवर क्षयाचेच उपचार झाले. त्या काळी क्षयावर दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्याला दोन महिने स्ट्रेप्टोमायसीन टोचण्याचा सरकारी प्रघात होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ती पद्धत मोडीत काढली आणि आता औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावरही पोटात घेण्याच्या गोळ्यांवर भर आहे. हे उत्तमच झाले. परंतु ज्यांना इंजेक्शने देऊन झाली त्यांचे काय? ज्याला तो रोगच नव्हता, त्याने त्या रोगाच्या औषधापायी तोल गमवावा, याला दुर्दैव म्हणून सोडून देता येणार नाही.

अशा माणसाला बाल्टिमोरचे यंत्र मिळणार नाही. त्याला हवी आहे ती तपासणी, आणि तिला वीजही लागत नाही. अक्षरांचा तक्ता समोर धरावा, डोके स्थिर ठेवून वाचायला सांगावे, मग डोके भरभर डावी-उजवीकडे हलवीत पुन्हा वाचायला सांगावे. कित्येक ओळींचा फरक पडला तर नलिकांविषयी संशय घ्यावा. नजर स्थिर ठेवण्याचे आणि चालण्याचे व्यायाम आहेत; त्यांनी उरलेली शक्ती, डोळे आणि पाय मिळून बरेचसे भागवून घेतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला हे एका दिवसात शिकविता येईल. आणि ज्या रुग्णालयात ही इंजेक्शने पाच-सात दिवसांहून अधिक चालतात, तेथे रुग्णाच्या कागदावर रक्तदाब आणि ताप यांच्या शेजारी आणखी एक रकाना छापावा: चालताना समोरचे हलते काय?