पैसे घ्या, पण दार उघडं ठेवा


‘पैसे मोजणारेच गंभीर सभासद’ हे गेल्या अंकातल्या पत्रातलं मत मला मुळीच पटलं नाही. फ्लिकर या छायाचित्रांच्या संस्थळावर २०१३ पासून एक टेराबाइट जागा फुकट होती. २०१८ मध्ये ते स्मगमग या कंपनीकडे गेलं आणि पुढल्या वर्षी फुकट खात्यांवर हजार छायाचित्रांची मर्यादा आली. खर्च भागवायचा असतो, मान्य. पण तिथल्या आमच्या रानफुलांच्या गटात एका विद्यार्थ्याने कास पठारावरचा हललेला, धूसर फोटो टाकला, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी त्याला ‘सीतेची आसवं’ हे फूल ओळखायला शिकवलं. दोघांपैकी कुणीही वर्गणी भरली नसती. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने सर्वांना वापरायला खुली केलेली छायाचित्रं मर्यादेपलीकडची असली तरी न पुसण्याचा फ्लिकरचा निर्णय मला म्हणूनच मोलाचा वाटतो. साठवणुकीचे पैसे जरूर घ्यावेत. विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला मात्र अडवू नये, ही संस्थळचालकांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा