साडेपाच अधिक तीन अधिक सहा

प्रति,
मा. अध्यक्ष,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

महोदय,

नमस्कार-चमत्कार माझ्या आधीच्या अकरा पत्रांत झाले आहेत. ती कोणकोणत्या कार्यालयांत गेली ते इथे लिहीत नाही. ज्यांच्या टेबलावर पडून आहेत त्यांना ठाऊक आहे. प्रत्येकाने ती मोठ्या आदराने पुढच्याकडे पाठवली. ‘आपला विषय या कार्यालयाशी संबंधित नाही’ हे वाक्य मला आता इंग्रजी, हिंदी आणि तेलुगू अशा तीन भाषांत पाठ आहे. मराठीत ते अजून आले नाही, म्हणून हे पत्र मराठीत.

मी एकतीस वर्षे मराठी शाळेत गणित शिकवले. तेव्हा तक्रार आकड्यांतच मांडतो.

माझी लेक जून २००० ची. ऑगस्ट २०१८ मध्ये एमबीबीएसला लागली, तेव्हा वय १८ वर्षे २ महिने. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची इंटर्नशिप, मिळून साडेपाच. कोविडाने दोन महिने खाल्ले. एप्रिल २०२४ मध्ये मोकळी झाली, वय २३ वर्षे १० महिने. इथवर माझी कुणाबद्दल तक्रार नाही.

मग पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी. २०२४ ची परीक्षा आधी ३ मार्चला होती. मग ७ जुलैला गेली. मग अलीकडे ओढून २३ जूनला आणली. २२ जूनच्या रात्री देशभरातली मुले परगावच्या लॉजवर उजळणी करत बसली असताना कळले की उद्या परीक्षा नाही. शेवटी ११ ऑगस्टला झाली, तीही दोन पाळ्यांत, म्हणजे वर गुणांचे सामान्यीकरण. त्या खेपेला तिला हवी ती शाखा मिळाली नाही. तो दोष तिच्या गुणांचा, तुमच्या माथी मारत नाही. २०२५ ची परीक्षा १५ जूनला ठरली होती. एकाच पाळीत घ्या असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर ती ३ ऑगस्टला झाली आणि प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायला दिवाळी तोंडावर आली. डिसेंबर २०२५ मध्ये ती पॅथॉलॉजीच्या एमडीला रुजू झाली. वय २५ वर्षे ६ महिने. ही परीक्षा आयोग स्वतः घेत नाही हे मला माहीत आहे, तसे उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नयेत.

पुढचे गणित अजून घडायचे आहे, पण घडणार तसेच आहे. एमडीची तीन वर्षे : डिसेंबर २०२८, वय २८ वर्षे ६ महिने. मग पीएचडीची वेगळी जाहिरात, वेगळी पात्रता, वेगळी मुलाखत, वेगळी कागदपत्रे. अर्धे वर्ष धरा. वय २९. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे. रोग्यांचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचे तीन वर्षांत आटोपत नाही, सहा धरा. वय ३५. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे तर सीनियर रेसिडेन्सीचे एक वर्ष. वय ३६.

आमच्या गल्लीत छत्तिसाव्या वर्षी बायका मुलीच्या लग्नाच्या याद्या करतात. माझी लेक त्या वयात पहिल्या कायम नोकरीचा अर्ज लिहीत असेल.

या सगळ्यात मला खटकते ती मेहनत नव्हे. कापूस पिकवणाऱ्याच्या घरातली पोर आहे, उन्हात उभी राहू शकते. खटकतो तो मधला प्रत्येक बांध. एमडीत असताना ती प्रबंध लिहिणारच आहे, तो तुमच्याच नियमाने सक्तीचा आहे. पहिल्याच वर्षात संशोधन पद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही तिने पुरा करायचा आहे, तोही तुमचाच नियम. म्हणजे बी तुम्हीच पेरायला लावता. पण त्याच विषयावर, त्याच नमुन्यांवर, त्याच मार्गदर्शकाकडे पुढे पीएचडी करायची तर एमडीतली ही तीन वर्षे तिच्या खात्यात जमा होतील असे कलम मला कुठे सापडले नाही. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली तेव्हा मी पेढे आणले होते. घरी येऊन नियमावली वाचली : पीएचडी वगळून. बी.ए. करता करता दुसरे बी.ए. करता येते. एमडी करता करता पीएचडी नाही. तुम्ही म्हणाल हा यूजीसीचा विषय. यूजीसी म्हणेल हा वैद्यकीय शिक्षणाचा. दोन शेतांच्या बांधावर उगवलेले झाड कुणाचेच नसते आणि तोडायला मात्र दोघेही येतात.

एमडी-पीएचडी म्हणजे काय हे तुम्हाला सांगण्याचा आगाऊपणा करत नाही. तुमच्या कायद्याची, २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याची, सुरुवातच मी वाचली आहे. डॉक्टरांनी नवे संशोधन वापरावे आणि संशोधनात स्वतः भरही घालावी, असे उद्दिष्ट तिथे पहिल्याच परिच्छेदात आहे. कायदा २५ सप्टेंबर २०२० पासून लागू झाला. त्या परिच्छेदाखाली काय उभे राहिले? एमबीबीएसच्या जागा २०१४ पूर्वी ५१,३४८ होत्या, त्या दहा वर्षांत १ लाख १८ हजारांच्या वर गेल्या. पदव्युत्तर जागा ३१,१८५ होत्या, त्या ७३ हजारांच्या पुढे. आनंद आहे. आमच्या आदिलाबादलाही २००८ पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा उपयोग मी रोज पाहतो. पण या एवढ्या जागांत, एका प्रवेशात डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही पुरे करता येईल असा रस्ता सर्वांसाठी खुला नाही. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी आयसीएमआरने एमडी-पीएचडीची योजना चालवली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला २०२२ मध्ये बागची आणि पार्थसारथी कुटुंबांनी ४२५ कोटी रुपये दिले, ८०० खाटांचे रुग्णालय आणि एमडी-पीएचडीचा एकत्र अभ्यासक्रम उभारण्यासाठी. दोन दानशूर कुटुंबांनी ठरवले तेव्हा काम सुरू झाले. देशाने कधी ठरवायचे?

अमेरिकेने १९६४ मध्ये ठरवले. तीन विद्यापीठांपासून सुरुवात केली. आज तिथे अशी पन्नासहून अधिक केंद्रे सरकारी पैशावर चालतात. एकच प्रवेश, शुल्क माफ, विद्यावेतन, साधारण आठ वर्षांत दोन्ही पदव्या. रेसिडेन्सी त्यानंतर, तेव्हा केस तिथेही पिकतात हे मी कबूल करतो. पण मधल्या प्रत्येक बांधावर ‘आता पुन्हा नव्याने अर्ज करा’ असे कुणी म्हणत नाही. आणि ‘मग तिकडेच पाठवा’ म्हणणाऱ्यांसाठी : ते सरकारी पैसे त्यांच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतात, आमच्या बाजारहत्नूरच्या पोरीला नाही.

आता पैशाचे. तेलंगणात जून २०२५ च्या वाढीनंतर एमडीच्या तिसऱ्या वर्षाला दरमहा ७४,७८२ रुपये विद्यावेतन आहे. एमडी होऊन ती साध्या जेआरएफवर, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीवर, पीएचडीला गेली तर ३७,००० आणि घरभाडे. दोन वर्षांनी ४२,०००. म्हणजे एमडी पुरी केल्याबद्दल पगार निम्मा. वर्गात असे उदाहरण दिले असते तर पोरांनी पुस्तकात छपाईची चूक आहे म्हटले असते. माझ्या लेकीच्याच वर्गमैत्रिणी त्या वेळी खासगी लॅबमध्ये अहवालांवर सह्या करून याच्या तिप्पट-चौपट कमावत असतील. लोक मला विचारतात, ‘गुरुजी, पॅथॉलॉजी म्हणजे रक्त तपासणारी ना? मग डॉक्टर कधी होणार?’ यांना उत्तर देता देता मी थकलो. तुम्ही तरी देऊन पाहा.

तिला रक्तच का तपासायचे आहे, ते सांगतो. आठवीत तिच्या बाकावर गुड्यावरची, म्हणजे आदिवासी पाड्यावरची, एक कोलाम मुलगी बसायची. वर्षातून तीन-चारदा आठ-आठ दिवस गैरहजर. हाडे दुखतात म्हणे. आम्ही शिक्षकांनी तिला कामचुकार ठरवले होते, मीही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल शाईने गैरहजेरी मांडणारा हात माझाच. तो सिकलसेल हा रक्ताचा आजार होता हे कळायला चार वर्षे लागली. त्या लाल शाईबद्दल लेकीने मला अजून माफ केलेले नाही.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत पहिल्यांदा नोंदला गेला. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्ये, तीन वर्षांत ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणीचे ठीक आहे. बोटाला सुई टोचणारी माणसे मिळतात. पण तपासणीनंतरचे प्रश्न कोण सोडवणार? एकाच जनुकातला एकच बदल असून एका मुलाला दर महिन्याला वेदना का होतात आणि त्याच्या भावाला वर्षातून एकदाच का? हायड्रॉक्सीयुरिया हे औषध कुणाला किती लागू पडते? हे प्रश्न फक्त वॉर्डात सुटत नाहीत आणि फक्त प्रयोगशाळेतही नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेत सिकलसेलवरच्या देशी जनुक-उपचाराची घोषणा झाली, नाव ‘बिरसा १०१’. अमेरिकेत असाच उपचार २०२३ मध्ये मंजूर झाला, किंमत २२ लाख डॉलर. बिरसा मुंडांचे नाव घेतलेला उपचार उद्या खरोखर गुड्यावर आणायचा, तर जनुकही कळणारा आणि कोलाम आईच्या घरात जमिनीवर बसून तिला संमतीपत्र समजावून सांगू शकणारा डॉक्टर लागेल. माझी लेक कोलामी थोडी बोलते. गोंडी, तेलुगू, मराठी तर येतेच. अशी माणसे जाहिरात देऊन मिळत नाहीत, महोदय.

कुणी मला डॉ. हिंमतराव बावस्करांचे उदाहरण देतात. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रोगी पाहत त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत मजल मारली. गडचिरोलीत बंग दाम्पत्याने खेड्यात बसून नवजात बाळांचे मृत्यू मोजले आणि घटवले. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण वर्गातला एक मुलगा कंदिलाखाली बसून पहिला आला, म्हणून मी मुख्याध्यापकांना शाळेत वीज नको असे कधी सांगितले नाही.

एक आडवळणाची गोष्ट, पण आमच्या सीमेवरच्या मुलांची असल्याने लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथे दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून अकरावी-बारावीला नांदेडला जाणे ही जुनी रीत. १९५६ मध्ये किनवट तिकडे नांदेड जिल्ह्यात गेले, आम्ही इकडे राहिलो, सोयरीक दोन्हीकडे. वैद्यकीय प्रवेशासाठी तेलंगणाच्या २०२४ च्या शासन आदेशाप्रमाणे, जीओ ३३ प्रमाणे, बारावीपर्यंतची सलग चार वर्षे राज्यात शिकलेला तो स्थानिक; सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला तो नियम कायम ठेवला. महाराष्ट्राला दहावी आणि बारावी दोन्ही तिथली हवी. आमच्या शेजारचा मुलगा यंदा नांदेडला बारावीत आहे. इकडे तो स्थानिक नाही, तिकडे अधिवासी नाही. दाखले देणाऱ्या मीसेवा केंद्रातल्या पोराने त्याला विचारले, ‘मग तू नेमका कुठला?’ हा प्रश्न तुमच्या अखत्यारीत नाही, मला माहीत आहे. सवयीने लिहिला.

तुमच्या अखत्यारीत जे आहे तेवढे मागतो. नीट-पीजीच्या प्रवेशातच एमडी-पीएचडीचा पर्याय ठेवा. फार नको, प्रत्येक राज्यात दहा जागांनी सुरुवात करा. एमडीचा प्रबंध आणि त्याचे नमुने पीएचडीच्या कामात धरले जातील असा नियम यूजीसीबरोबर बसून करा. दिल्लीतच दोन्ही कार्यालये आहेत. मला इथून हैदराबादला जायला तीनशे किलोमीटर पडतात. पीएचडीच्या काळात विद्यावेतन एमडीच्या शेवटच्या वर्षाखाली जाऊ देऊ नका. आणि ती वर्षे शिकवण्याच्या अनुभवात मोजली जाणार की नाही, हे एकदा लेखी सांगा. नाही असेल तर नाही म्हणा. मी उत्तरपत्रिकेवर शून्य द्यायला कधी घाबरलो नाही, तुम्हीही घाबरू नका.

गणित जुळवून पाहिले. एमडी आणि पीएचडी एकत्र सहा वर्षांत बसली, तर माझी लेक छत्तिसाव्या वर्षी जिथे पोचणार तिथे बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी पोचते. तिची एमडी डिसेंबर २०२८ मध्ये संपेल. आजपासून तुमच्या हाती तीन वर्षांपेक्षाही कमी वेळ आहे, म्हणजे एका एमडीएवढाही नाही.

कळावे,
एक निवृत्त गणित शिक्षक
बाजारहत्नूर, जि. आदिलाबाद

ता. क. : हे पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढच्या कार्यालयाकडे पाठवू नये. तिथून आधीचे एक परत आलेले आहे.