नवख्या खेळाडूंसाठी

'ओल्ड स्कूल रूनस्केप' हा ऑनलाइन खेळ कसा सुरू करावा, असे मुले विचारतात. खेळ फुकटात सुरू होतो. पैसे भरून सभासद होण्याची घाई नको. पहिल्या बेटावर लाकूडतोड, मासेमारी, लढाई शिकवतात. ते धडे उरकू नका.

आम्हाला काळजी वाटते ती माणसांची. समोरचे पात्र म्हणजे कुठला तरी खरा माणूस असतो. 'नाणी दे, दुप्पट करून देतो' म्हणणारा ठगच समजा. थोडी नाणी तो खरोखर दुप्पट करतो, मोठी रक्कम हाती पडली की पसार होतो. (हा धंदा खेळाबाहेरही जुनाच!) देवाणघेवाणीत होकार दोनदा विचारतात, दुसऱ्या वेळी वस्तू पुन्हा मोजा. 'वाइल्डरनेस' भागात इतर खेळाडू तुम्हाला मारून सामान नेऊ शकतात. तिकडे चल म्हणणाऱ्या अनोळखी सोबत्याला सरळ नाही म्हणा. पासवर्ड अम्मी-अब्बांखेरीज कुणालाही सांगू नका.

आणि पालकहो, हा खेळ मध्येच थांबवून ठेवता येत नाही. लढाई संपल्यावरही सुमारे 10 सेकंद बाहेर पडता येत नाही. जेवायला हाक मारल्यावर 'एक मिनिट' ऐकू आले, तर लगेच रागावू नका. दुसऱ्यांदा आले, तर मात्र जरूर रागवा.