अक्षरविद्येचे ग्रंथ कसे निवडावे?

संगणकावर अक्षरे घडविण्याची हौस आमच्या विद्यार्थ्यांत वाढत आहे, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु पालक त्यांस जे ग्रंथ आणून देतात, ते बहुधा रोमन लिपीचे असतात. रोमन अक्षर तळरेघेवर उभे राहते. आपले अक्षर शिरोरेघेस लोंबते, वर वेलांटी व रफार, खाली उकार घेते, आणि जोडाक्षरात रूप पालटते. हे त्या ग्रंथांतून कसे कळावे?

निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात राबून ही विद्या शिकले. आज तशी उमेदवारी दुर्मिळ. म्हणून ग्रंथ पारखूनच घ्यावा. त्यात द्ध, ट्र, क्ष यांचा विचार आहे काय? तो स्वतः डोळे न शिणविता वाचवतो काय? बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) हा त्रिखंडात्मक ग्रंथ इंग्रजीत असला, तरी शिक्षकांच्या साह्याने अवश्य पाहावा. उरणास असे ग्रंथ सहजी मिळत नाहीत. तेव्हा चार घरांनी मिळून एक घ्यावा, पण चांगला घ्यावा. आणि त्यासोबत बोरू व दौत विसरू नये. हात वळल्यावाचून अक्षर वळत नाही.