आपले वाहन : लांबच्या प्रवासासाठी टायर निवडताना

रायपूरच्या मराठी घरांचे नागपूरला जाणेयेणे सततचे. कुणाचे माहेर तिकडे, कुणाचा मुलगा तिकडे शिकायला. रेल्वे आहे, बस आहे, तरीही तरुण मंडळींना मोटारसायकलच हवी असते. मागच्या महिन्यात माझा भाचा असाच घरी आला. म्हणाला, "मामा, दिवाळीला आम्ही दोघं गाडीवरूनच नागपूरला जातोय. दोन्ही टायर बदलायचेत. सगळ्यात जास्त टिकणारा कोणता तेवढं सांगा."

त्याचा प्रश्न ऐकून मला माझीच जुनी फजिती आठवली. माझ्या गाडीचा मागचा टायर सात वर्षे टिकला होता आणि मी ते चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत असे. मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. सौ. मागे बसली होती. देवरी आणि साकोलीच्या मधल्या जंगलपट्ट्यात एक बैल अचानक आडवा आला. ब्रेक दाबताच मागचे चाक सरकले आणि आम्ही दोघेही रस्त्यावर! वेग कमी होता म्हणून सौ.च्या कोपराला खरचटण्यावर निभावले. नंतर पाहिले, तर टायरवर नक्षी अजून शिल्लक होती, पण रबर लाकडासारखे टणक झाले होते. सौ. एवढेच म्हणाली, "टायर टिकला हो, आपणच थोडक्यात वाचलो."

तेव्हापासून टिकाऊ टायरचा अर्थ मी वेगळा लावतो. जो शेवटच्या दिवसापर्यंत रस्ता धरून ठेवतो, तो टिकाऊ.

कडक की मऊ?

नुसते रबर पांढरट असते आणि लवकर झिजते. त्यात काजळीसारखा कार्बन मिसळतात, म्हणून टायर काळा आणि दणकट होतो. हे मिश्रण कडक ठेवले तर टायर जास्त किलोमीटर चालतो, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी. मऊ ठेवले तर पकड उत्तम, पण झीज लवकर. दोन्ही गोष्टी पुरेपूर कुठलाच टायर देत नाही.

रायपूर-नागपूर रस्ता, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आणि आताचा ५३, सुमारे २९० कि.मी.चा आणि बराचसा सरळ. अशा रस्त्यावर टायर मधोमध झिजून चपटा होतो. मग वळणावर गाडी झुकवताना ती अडखळल्यासारखी वाटते. जगदलपूरकडे जाणाऱ्यांना केशकालच्या घाटात हे चांगलेच जाणवेल. यावर तोडगा म्हणून काही टायरांत मधला भाग कडक आणि कडेचा भाग मऊ ठेवतात. आपल्या गाडीच्या मापात असा टायर मिळत असेल, तर लांबच्या प्रवासाला तो उत्तम.

टायरवरचे आकडे वाचा

समजा, टायरवर १००/९०-१७ ५५पी असे लिहिले आहे. १०० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ९० टक्के. १७ हा रिमचा व्यास, इंचांत. ५५ हा भाराचा संकेत असून त्याचा अर्थ २१८ किलो. 'पी' म्हणजे ताशी १५० कि.मी. वेगाची मर्यादा. नवरा, बायको, मधे मूल आणि मागे फराळाच्या डब्यांची पिशवी असा आपला थाट असतो, तेव्हा भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये.

रुबाबासाठी जास्त रुंद टायर घालण्याचा मोह टाळा. अरुंद रिमवर तो नीट बसत नाही, त्याचा आकार बिघडतो आणि गाडी जड चालते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप हेच खरे.

आणखी चार आकडे अवश्य शोधा. २३२४ असे असेल, तर तो टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला आहे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायरही म्हातारा होतोच. घसघशीत सवलत मिळत असेल, तर आधी ही तारीख पाहा. आयएसआय चिन्हही पाहून घ्या.

ट्यूब असावी की नसावी?

रायपूरहून निघाले की भिलाईपर्यंत पोलाद कारखान्यांचा पट्टा. रस्त्याच्या कडेला लोखंडाचा चुरा, तारांचे तुकडे पडलेले असतात. ट्यूबच्या टायरमध्ये खिळा घुसला की हवा झपाट्याने जाऊ शकते आणि गाडी सावरणे कठीण होते. ट्यूबलेस टायरमध्ये बहुधा खिळा तिथेच रुतून बसतो आणि हवा हळूहळू उतरते. तेवढ्या वेळात पंक्चरवाला गाठता येतो. मात्र तारांच्या चाकाला साधारणपणे ट्यूबच लागते. तशी गाडी असेल, तर टायरबरोबर ट्यूबही नवी घ्या. नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालून थोडेसे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

उन्हात हवा कमी करू नका

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांवर जातो. "उन्हात टायर फुटतो, हवा कमी ठेवा" असा सल्ला पुष्कळजण देतात. तो चुकीचा आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू सतत दबतात, आतून जास्त तापतात आणि फाटतात. जास्त हवा भरली तर टायर मधोमध झिजतो आणि पकड घटते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. डबलसीट जाताना मागच्या टायरला किती जास्त हवा लागते, तो आकडा पुस्तिकेत असतो. नायट्रोजनच हवा असे नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आठवड्याला एकदा तपासणी केली, की साधा टायरही चांगली साथ देतो.

बदलायचा केव्हा?

नक्षीच्या खोलगट रेषांमध्ये छोटे उंचवटे असतात. झीज त्यांच्यापर्यंत पोहोचली की टायर बदला. बाजूला भेगा दिसल्या, फुगा आला, तर नक्षी कितीही शाबूत असली तरी बदला. मागचा टायर आधी झिजतो, कारण इंजिनाचा जोर आणि मागे बसणाऱ्याचा भार त्याच्यावरच असतो. म्हणून पुढच्याकडे दुर्लक्ष करू नका. ब्रेक लावताना गाडी थांबवण्याचे मोठे काम तोच करतो.

टायर बसवताना त्यावरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, ते स्वतः पाहा. नवा टायर थोडा बुळबुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे कि.मी. जपून चालवा. त्यामुळे प्रवासाच्या आदल्या दिवशी टायर बदलू नका, पंधरा दिवस आधी बदला.

भाच्याला हे सगळे सांगितले. त्याने विचारले, "पण मामा, मऊ कडेचा टायर पाच-सात हजार कि.मी. आधी झिजला तर?" मी उत्तर देणार, तोच आतून सौ.चा आवाज आला, "झिजू दे की! सूनबाई मागे बसणार आहे ना?"

भाच्याने त्याच संध्याकाळी जुन्या टायरवरची तारीख पाहिली. मागचा टायर सहा वर्षांचा निघाला. आपणही आज एकदा पाहून घ्या.