महादजी शिंदे : नुसती तलवार नव्हे

उत्तर पेशवाईचे डोके नाना फडणवीस आणि तलवार महादजी शिंदे, अशी वाटणी पुण्यात सर्रास केली जाते. ती सोयीची असली तरी महादजींच्या चरित्राशी जुळत नाही.

तलवारीबद्दल वाद नाही. पानिपतात (१७६१) पाय कायमचा अधू झाला. राणेखान भिश्त्याने उचलून नेले म्हणून जीव वाचला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौजेला कोंडणाऱ्यांतही महादजी आघाडीवर होते. पण १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाचे काय? इंग्रजांतर्फे डेव्हिड अँडरसन बोलत होता, पेशव्यांतर्फे महादजी. आणि दोन्ही पक्षांनी तह पाळावा याची हमीही त्यांचीच. कालच्या शत्रूला कंपनीने जामीन मानले, ते काही त्याच्या घोडदळाकडे पाहून नव्हे.

या तहात महादजींनी आपली पोळी भाजून घेतली, हा आक्षेप खोटा नाही. भडोच त्यांच्या पदरात पडले आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. पण पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेला मुलूख वसईसह परत आला आणि पेशवेपदासाठी इंग्रजांना जाऊन मिळालेल्या राघोबादादांना दरमहा २५,००० रुपयांच्या नेमणुकीवर गप्प बसावे लागले. इंग्रजांशी लढत असलेल्या म्हैसूरच्या हैदरअलीच्या भरवशावर नानांनी तहाची मंजुरी लांबवली. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि त्याच महिन्यात पुण्याची मंजुरी मिळाली. नानांचे थांबणे चुकीचे नव्हते. पण मंजूर करण्याजोगा मसुदा दुसऱ्यानेच घडवला होता.

१७९२ च्या जून महिन्यातला पुण्याचा दरबार तर निव्वळ नाटक म्हणून हिणवला जातो. मोगल बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक (सर्वाधिकारी प्रतिनिधी) पदाची सनद घेऊन आलेले महादजी मानकऱ्यांच्या खाली बसले आणि काखेतल्या बासनातून नवे जोडे काढून पेशव्यांपुढे ठेवले, अशी हकीकत आहे. नाटक होतेच, आणि बेतलेले होते. दिल्लीची पदवी पेशव्यांनी घेण्याला नानांची हरकत होती; छत्रपतींची परवानगी आल्यावरच समारंभ झाला. ज्याच्या हाती दिल्लीचा कारभार, त्याने पुण्यात स्वतःला साधा पाटील म्हणवून पाटीलकी मिरवावी, यात नम्रता किती आणि हिशेब किती हे नानांनाही पुरते उमगले नसावे.

सैनिकी चौकटीत न बसणारी आणखी एक बाजू म्हणजे काव्य. महादजींनी कृष्णभक्तिपर रचना केल्या. त्या त्यांनी गोव्याच्या सोहिरोबानाथ आंबियांना दाखवल्या आणि नाथांनी तोंडावर नापसंती दर्शवली, अशी आख्यायिका आहे. कवी म्हणून ते थोर नव्हते, हे मान्य करायला हरकत नाही. पण दुसऱ्याच्या अकलेवर चालणारी तलवार अभंग रचत बसत नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीच्या मुक्कामी महादजींचे निधन झाले. शिंदे छत्री तिथेच आहे.