तिकिटात न दिसणारा कर

मुंबईहून कोलकात्याला मालाच्या खरेदीसाठी निघालेला व्यापारी विमान तिकिटाचे बिल पाहतो, तेव्हा इकॉनॉमी वर्गाचा ५ टक्के जीएसटी त्याला स्पष्ट दिसतो. तिकीट काढताना पेढीचा जीएसटी क्रमांक दिलेला असेल, तर व्यवसायासाठी केलेल्या त्या प्रवासाच्या कराचे क्रेडिटही मिळते. (कित्येक पेढ्यांत हा क्रमांक द्यायचाच राहून जातो आणि हक्काचे क्रेडिट हातचे जाते.) परंतु भाड्याच्या पोटात आणखी एक कर दडलेला असतो. तो बिलावर छापलेला नसतो आणि त्याचे क्रेडिट कोणालाच मिळत नाही.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन या पाच वस्तू त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. विमानाच्या इंधनावर आजही आधी केंद्राचे उत्पादन शुल्क आणि त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. १०० रुपयांच्या इंधनावर ११ टक्के शुल्क धरले की १११ रुपये होतात. त्यावर १८ टक्के व्हॅट आकारला की रक्कम सुमारे १३१ वर जाते. हा बोजा भाड्यात मिसळतो आणि त्या भाड्यावर पुन्हा जीएसटी बसतो. करावर कर नको, म्हणून जी व्यवस्था आणली, तिच्या दारातच हा प्रकार चालू आहे.

व्हॅटचा दर राज्यागणिक वेगळा. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. दरांतील अशा तफावतीमुळे स्वस्त राज्यात टाकी अधिक भरून घेण्याचा मोह कंपन्यांना होतो. जादा वजन वाहून नेण्यात इंधन जळते ते निराळेच. याउलट भारतीय कंपनीच्या परदेशी जाणाऱ्या विमानात भरलेले इंधन निर्यातीसमान मानून राज्याच्या विक्रीकरातून मुक्त ठेवले आहे. म्हणजे दुबईचा प्रवासी सुटतो आणि नागपूरचा सापडतो!

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथील जीएसटी परिषदेच्या बैठकीत हे इंधन जीएसटीत घेण्यास राज्यांनी नकार दिला. राज्यांची भीती अनाठायी नाही. आपल्या मर्जीने दर ठरवता येईल अशा करांपैकी त्यांच्या हाती फार थोडे उरले आहेत, आणि मोठा विमानतळ असलेल्या राज्याला हे उत्पन्न सहज सोडवत नाही.

मात्र इंधन जीएसटीत आले म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणारे एक कलम विसरतात. इकॉनॉमी तिकिटावरील ५ टक्के दराला अट आहे : कंपनीला क्रेडिट फक्त सेवांवरील कराचे मिळते, वस्तूंवरील नाही. इंधन ही वस्तूच. ती अट तशीच राहिली, तर इंधनावर जीएसटी लागूनही साखळी तुटलेलीच राहील. अट काढावी आणि दर ५ टक्केच ठेवावा, तर कंपन्यांकडे न वापरलेले क्रेडिट साचेल व सरकारला परतावा द्यावा लागेल. दर बिझनेस वर्गाप्रमाणे १८ टक्के करावा, तर क्रेडिट घेणाऱ्या पेढीला त्याची झळ लागणार नाही. पण लग्नकार्याला निघालेल्या चौघांच्या कुटुंबाला ती पूर्ण लागेल. यांतला पहिला मार्ग सरकारला महाग पडला, तरी न्यायाचा आहे.